विमान-अपघातातील नुकसानभरपाई आणि कायद्यांची निवड

१ जानेवारी १९७८ रोजी रात्री मुंबईहून दुबईस निघालेले एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे बोइंग ७४७ विमान वांद्र्यानजीक समुद्रात कोसळले व त्यातील सर्व २१३ जण मृत्यू पावले. अपघात मुंबईच्या किनाऱ्यावर झाला. परंतु बोइंगविरुद्धचे दावे चालले ते अमेरिकेत, सिएटल येथील न्यायालयात. त्याचे कारण कायद्याच्या रचनेत होते. १९२९ च्या वॉर्सा करारात वाहक कंपनीची जबाबदारी प्रवाशामागे १,२५,००० सुवर्ण-फ्रँकांपुरती होती. १९५५ च्या हेग-दुरुस्तीने ती दुप्पट झाली. एका फ्रँकमध्ये ६५.५ मिलिग्रॅम सोने, म्हणजे कागदावर एका जिवाची कमाल किंमत सुमारे सोळा किलो सोने. विमानाचा निर्माता हा वाहक नसल्याने त्याला ही मर्यादा लागू नव्हती. अर्थात मर्यादा नसणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे. १९८५ मध्ये न्यायालयाने निर्मात्यांविरुद्धचा निष्काळजीपणाचा आरोप फेटाळला.

जेथे करारच नाही, तेथे इंग्रजी न्यायपरंपरेत १८७० च्या फिलिप्स विरुद्ध आयर या निर्णयाचा दंडक चाले: कृत्य दोन्ही देशांच्या कायद्यांनी दोषास्पद असले पाहिजे. भरपाई कोणत्या मापाने मोजावयाची, हा प्रश्न त्याने सुटत नव्हता. माल्टातील १९६३ च्या एका रस्ता-अपघातात दोन्ही पक्ष ब्रिटिश सैनिक होते. माल्टाच्या कायद्याने भरपाई ५३ पौंड, इंग्लंडच्या कायद्याने २,३०३ पौंड. १९६९ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने दुसरा आकडा मान्य केला.

वॉर्सा करारानेही मर्यादा घातली. पण दावा कोणी करावा हे राष्ट्रीय कायद्यांवर सोडले. भारतात १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्यात भावंडांना स्थान नव्हते. १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्यात ते आले, एका जन्मदात्याच्या नात्याने भाऊ असणाराही आला. मराठीत त्याला 'सावत्र भाऊ' म्हणतात. परंतु आईबापांच्या पुनर्विवाहाने नाते जुळलेला, रक्तसंबंध नसलेला भाऊही मराठीला सावत्रच. त्याचा उल्लेख त्या यादीत नाही. भाषांतरकाराने येथे थांबावयास हवे.

२००९ मध्ये भारताने १९९९ चा मॉन्ट्रियल करार स्वीकारला. वॉर्साने दाव्याची चार स्थळे मान्य केली होती: वाहकाचे अधिवास, मुख्य व्यवसायस्थान, तिकीट-कराराचे स्थान आणि गंतव्यस्थान. मॉन्ट्रियलने, वाहकाची त्या देशाशी सेवा असल्यास, मृत्यू वा शारीरिक इजेच्या दाव्यासाठी प्रवाशाच्या मुख्य व स्थायी निवासाचा देश हे पाचवे स्थळ जोडले. राष्ट्रीयत्व हा निर्णायक घटक धरू नये, असेही त्यात स्पष्ट आहे.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. पनवेल-उरण परिसरात घर, कुटुंब व शेती असलेला, पण वीस वर्षे आखातात नोकरी करणारा मनुष्य अपघातात गेला, तर त्याचा स्थायी निवास कोठे मानावयाचा? तो भारतात ठरला, तर कुटुंबाला येथील न्यायालय गाठता येईल. आखातात ठरला, तर भारतात दावा आणण्यासाठी उरलेल्या चार स्थळांपैकी एखादे भारतात आहे काय, हे तिकिटावरूनच शोधावे लागेल.