पडद्याआडचा कान

घरात गाणे ऐकण्यासाठी यंत्र निवडावयाचे तर विश्वास कशावर ठेवावा? स्वतःच्या आवडीवर, की नाव आणि रूप झाकून घेतलेल्या श्रवणचाचणीवर? वाद वरकरणी दुकानदारीचा आहे. परंतु साहित्य शिकविणाऱ्यांस तो परका वाटू नये. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे झाकून कविता दिल्या आणि त्यांचे अभिप्राय 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' (१९२९) या ग्रंथात तपासले, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच पेच होता.

ध्वनियंत्रांच्या इतिहासात असा पडदा प्रथम विक्रेत्याने धरला. १९१५ पासून सुमारे दहा वर्षे एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत 'टोन टेस्ट' नावाचे जाहीर कार्यक्रम केले. रंगमंचावर गायिका आणि तिच्या शेजारी फोनोग्राफ. मध्येच दिवे मालवले जात आणि गाते ते कोण, बाई की यंत्र, हे श्रोत्यांनी ओळखावयाचे. पुष्कळजण फसत. मात्र या कार्यक्रमांत गाणाऱ्या ॲना केस यांनी उत्तरायुष्यात सांगितले की, आपला आवाज यंत्राच्या आवाजाएवढाच राहील अशी दक्षता त्या घेत. यंत्र माणसाच्या बरोबरीला आले नव्हते, माणूसच यंत्राच्या पातळीवर उतरला होता. अंधार खरा होता, परीक्षा लटकी होती.

आपल्याकडे पडदा धरला तो सरकारने, आणि यंत्रासाठी नव्हे, माणसांसाठी. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. आकाशवाणीवर गाऊ-वाजवू इच्छिणाऱ्यांची नव्याने परीक्षा सुरू झाली. परीक्षक मंडळाची धुरा श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्याकडे होती. कलावंत परीक्षकांना दिसू नये, त्याचे नाव कळू नये, अशी योजना होती. घराण्याचा दबदबा आणि वशिला यांना त्यामुळे आळा बसावा, हा हेतू रास्तच म्हणावा लागेल. तरीही कलावंतांनी कडाडून विरोध केला. गाणाऱ्याचे नाव झाकता येते, ऐकणाऱ्याची अभिरुची कशी झाकणार? त्याच सुमारास चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली, आणि श्रोत्यांनी निमूटपणे रेडिओची कळ फिरवून सिलोन लावले. १९५७ साली 'विविध भारती' सुरू करून सरकारला या निवाड्याची दखल घ्यावी लागली.

आमच्यापैकी एकाचे आजोबा सोलापुरात गिरणीकामगार होते. रेडिओ घेताना त्यांनी दुकानदारास एकच सांगितले होते, "सिलोन लावून दाखवा." पेटीच्या पॉलिशकडे त्यांनी पाहिले नाही, असे घरात आजही अभिमानाने सांगितले जाते. आवड त्यांची स्वतःची होती, पण ती त्यांनी कानानेच पारखली.

शास्त्रीय शिस्तीचा पडदा पुढे संशोधकांनी धरला. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली मांडलेल्या प्रयोगात चाळीस श्रोत्यांनी चार स्पीकर एकदा पाहून आणि एकदा न पाहता ऐकले. श्रोते स्पीकर बनविणाऱ्या कंपनीतलेच होते. तरीही स्पीकर दिसू लागताच मोठ्या आणि महागड्यांचे गुण वाढले, लहान आणि स्वस्ताचे घटले. जाणकारीने डोळ्यांचा पक्षपात टळत नाही, हा त्याचा धडा.

त्याच आजोबांच्या घरी परवा दोन स्पीकरजोड्यांपैकी एक ठेवावयाची होती. आम्ही चौघे जमलो. प्रथम पडदा म्हणून सोलापुरी चादर टांगली. पण ती जाड, वरचे स्वर शोषून घेणारी. शेवटी जुने विरलेले धोतर कामी आले. दोन्हींचा आवाज सारखा ठेवला, कारण जे किंचित मोठ्याने वाजते तेच अधिक गोड वाटते. अब्दुल करीम खाँसाहेबांची एकच ध्वनिमुद्रिका आलटून पालटून लावली. पाहून ऐकताना चौघांनी मोठी, महागडी जोडी निवडली होती. धोतराआड तिघांनी लहान जोडीला कौल दिला.

घरमालकांनी तरीही मोठीच ठेवली. "दिवाणखान्यात शोभते," असे ते म्हणाले. आम्हांला हे उत्तर प्रामाणिक वाटले. शोभते म्हणून घ्यावे, त्यात गैर काही नाही. शोभते त्यालाच सुरेल म्हणू लागलो की अभिरुचीची फसगत सुरू होते. चाचणी आपली आवड हिरावून घेत नाही, ती आवड कशाची आहे एवढे दाखवून देते.

वर्गात नामवंत कवीच्या सामान्य कवितेवर माना डोलतात, तेव्हा आम्हांस ते धोतर आठवते. यापुढे सत्राच्या पहिल्या तासाला नावे झाकलेल्या चार कविता वाटावयाच्या, असे आम्ही ठरविले आहे. अभिप्राय आम्हीही लिहून देणार आहोत.