तरुण सम्राट ग्राशियन

रोमच्या ज्या बादशहांनीं ख्रिस्तसभेस आश्रय दिला, त्यांत कॉन्स्टंटाइन व थिओडोशियस हीं नांवें सर्वांच्या तोंडीं आहेत. त्या दोघांच्या मधल्या काळांत होऊन गेलेल्या ग्राशियनची आठवण मात्र थोड्यांसच असते. म्हणून त्याचा संक्षिप्त वृत्तांत वाचकांपुढें ठेवीत आहें.

ग्राशियनचा जन्म इ. स. ३५९ सालीं सिर्मियम नगरांत झाला. त्याचा बाप पहिला व्हॅलेंटिनियन हा मोठा करडा सेनानी. ३६७ सालीं जिवावरच्या दुखण्यांतून उठल्यावर त्यानें आमियाँ येथें सैन्यासमक्ष आपल्या आठ वर्षांच्या मुलास बादशाही वस्त्रें दिलीं. मुलाचा गुरु बोर्दोचा कवि ऑसोनियस हा होता. ३७५ सालीं बाप वारला, तेव्हां सरदारांनीं ग्राशियनच्या चार वर्षांच्या सावत्र भावासही परस्पर बादशहा केलें; ग्राशियननें राग न धरतां तें मान्य केलें. परंतु राज्याच्या आरंभींच थिओडोशियस नांवाच्या पराक्रमी सेनापतीचा कार्थेज येथें शिरच्छेद झाला, हा त्या कारकीर्दीवरील डाग होय.

पूर्वेकडे त्याचा चुलता व्हालेन्स राज्य करीत होता. ३७८ सालीं गॉथ लोकांवर स्वारी करतांना त्यास पुतण्याची मदत हवी होती. ग्राशियन आलमान लोकांचा मोड करून निघालाही. पण पुतण्याच्या यशाचा हेवा वाटून व्हालेन्सनें वाट पाहिली नाहीं. ९ ऑगस्ट रोजीं आड्रिआनोपल येथें तो पडला, व त्याच्या फौजेचा जेमतेम तिसरा हिस्सा वांचला. अशा आणीबाणींत एकोणीस वर्षांच्या ग्राशियननें वध झालेल्या त्या सेनापतीच्याच मुलास, धाकट्या थिओडोशियसास, बोलावून घेतलें, व १९ जानेवारी ३७९ रोजीं पूर्वेचें राज्य त्याच्या हवालीं केलें. ज्याच्या घरावर अन्याय झाला, त्याच्याच हातीं तरवार देण्यास मन मोठें लागतें.

मिलानचे बिशप संत अँब्रोज यांच्यावर त्याची फार निष्ठा होती. एरियसच्या पाखंडाचें खंडन करणारा ग्रंथ त्यांनीं त्याच्याच विनंतीवरून लिहिला. प्राचीन दैवतांचा महापुरोहित ही पदवी ग्राशियननें टाकिली. ३८२ सालीं सिनेट-सभेंतील विजयदेवीची वेदी हलविली, व व्हेस्टा देवीच्या कुमारिकांचीं सरकारी वर्षासनें बंद केलीं.

तथापि धर्मनिष्ठेनें राजधर्म आपोआप पार पडत नाहीं. अम्मियानुस हा इतिहासकार ख्रिस्ती नव्हता. तो ग्राशियनच्या वक्तृत्वाची, संयमाची व शौर्याची स्तुति करितो. परंतु कुंपणांत कोंडलेलीं श्वापदें बाणांनीं मारण्याचा नाद त्यास होता, हेंही तो सांगतो. आलान धनुर्धरांवर त्याची विशेष मर्जी असे, आणि जुन्या शिपायांस तें सलत होतें. ३८३ सालीं ब्रिटनमधील फौजेनें माग्नुस माक्सिमुस यास बादशहा केलें. पॅरिसजवळ गांठ पडली, तेव्हां ग्राशियनचे लोक एकामागून एक शत्रूस मिळाले. थोड्या सोबत्यांनिशीं तो पळाला, व २५ ऑगस्ट रोजीं लिऑं येथें दग्यानें मारला गेला. वय अवघें चोवीस!

पुढें संत अँब्रोज यांनीं त्रिएर येथें जाऊन माक्सिमुसाकडे त्याचा देह मागितला. तो मिळाला नाहीं. ३८८ सालीं माक्सिमुसाचा पराभव झाला, तो त्याच थिओडोशियसाच्या हातून. ग्राशियनचें औदार्य त्याच्या पश्चात् फळास आलें; त्याची हयगय मात्र त्याच्या डोळ्यांदेखत फळली. आमच्या तरुणांनीं ह्या दोन्ही गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. प्रार्थनेस जो वेळेवर येतो, त्यानें आपल्या नेमल्या कामावरही वेळेवर असावें.