लुक्ला विमानतळ

नेपाळच्या कोशी प्रांतातील सोलुखुंबू जिल्ह्यातला डोंगरी विमानतळ. अधिकृत नाव तेनसिंग-हिलरी विमानतळ. समुद्रसपाटीपासून उंची सु. 2,845 मी. एव्हरेस्टच्या दक्षिण बाजूने जाणाऱ्या बहुतेक मोहिमांची व तळछावणीपर्यंत जाणाऱ्या पदभ्रमणकर्त्यांची पायपीट येथून सुरू होते. धावपट्टी एकच, 527 मी. लांब व 30 मी. रुंद, तिचा चढ सु. 11.7 टक्के. नैर्ऋत्य टोकाखाली दूधकोसीची खोल दरी आहे, तर ईशान्य टोकाला भिंत व तिच्यामागे डोंगर. त्यामुळे विमाने दरीकडून येऊन चढावर उतरतात आणि उताराने दरीकडेच झेपावतात. वारा कोणताही असो, दिशा बदलत नाही.

विमानतळाचा उगम गिर्यारोहणात नसून शाळा व इस्पितळांच्या बांधकामात आहे. 1953 च्या एव्हरेस्ट-विजयानंतर एडमंड हिलरी यांनी शेर्पांसाठी कामाला सुरुवात केली. 1961 मध्ये खुमजुंगची शाळा उभी राहिली, 1966 मध्ये खुंदेचे इस्पितळ. त्यासाठी लागणारे पत्रे, सिमेंट, औषधे अनेक दिवसांच्या वाटेने माणसांच्या पाठीवरून येत. हा भार कमी व्हावा म्हणून 1964 मध्ये हिलरी यांनी येथे धावपट्टी आखली. आधी त्यांची नजर सपाट जमिनीवर होती. पण डोंगरात सपाट जमीन म्हणजे पिकाची जमीन, ती शेतकऱ्यांनी दिली नाही. शेवटी उताराची जागा शेर्पांकडून सु. 2,650 डॉलरना घेतली गेली. झुडपे तोडून, दगड उपसून पट्टी तयार झाली, तरी माती भुसभुशीत राहिली. तेव्हा गावकऱ्यांना मद्य पाजून पट्टीवर पाय आपटत नाचायला लावले व जमीन दाबून घेतली, असे हिलरी यांनीच नमूद केले आहे. 1975 मध्ये त्यांची पत्नी लुईस व मुलगी बेलिंडा यांचा काठमांडूहून फाप्लूला निघालेल्या छोट्या विमानाच्या अपघातात मृत्यू झाला. त्यानंतरही हिलरी यांनी शेर्पांसाठीचे काम सोडले नाही. धावपट्टीवर डांबर पडले ते 2001 मध्ये. जानेवारी 2008 मध्ये हिलरी यांच्या निधनानंतर एव्हरेस्टवरचे त्यांचे सोबती तेनसिंग नोर्गे व हिलरी या दोघांची नावे विमानतळाला देण्यात आली.

हिस्ट्री चॅनेलने 2010 मध्ये लुक्लाला जगातील सर्वांत धोकादायक विमानतळ ठरवले आणि तेव्हापासून सगळा दोष त्या उतरत्या पट्टीच्या माथी मारला जातो. हे निदान चुकीचे आहे. पट्टीच्या दोन टोकांच्या उंचीत सु. 60 मी. फरक आहे. एवढी उंची चढण्यात ताशी सु. 120 किमी. वेगाची ऊर्जा खर्ची पडते. म्हणजे चढ हाच येथला मोठा ब्रेक. त्याची गरजही आहे, कारण या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सु. चतुर्थांशाने कमी असते. पंखांना तेवढाच आधार मिळवायला विमानाला प्रत्यक्षात सु. 15 टक्के अधिक वेगाने यावे लागते. इंजिनाचा जोर मात्र विरळ हवेत घटतो. उड्डाणाच्या वेळी ही कसर उतार भरून काढतो. ट्विन ऑटर, डॉर्नियर 228, लेट 410 यांसारखी आखूड पट्टीवर उतरणारी विमानेच येथे चालतात, ती यामुळेच. हिलरी यांच्या हाती नाइलाजाने आलेला उतार विमानांना तारणारा ठरला.

खरा धोका आहे तो माघारीची वाट नसण्यात. समोर डोंगर असल्याने शेवटच्या टप्प्यात उतरणे सोडून पुन्हा वर उठता येत नाही. अपघातांची नोंद पाहिली तर हेच दिसते. 8 ऑक्टोबर 2008 रोजी धुक्यात उतरणारे ट्विन ऑटर पट्टीच्या अलीकडेच आदळले व 19 पैकी 18 जण दगावले. एकटा वैमानिक वाचला. मे 2017 मध्ये मालवाहू लेट 410 ढगाळ हवेत पट्टीखालच्या उतारावर कोसळले. एप्रिल 2019 चा अपघात वेगळा : उड्डाणासाठी धावणारे विमान बाजूला भरकटून उभ्या हेलिकॉप्टरांवर गेले, 3 जण मरण पावले.  सप्टेंबर 2012 मध्ये लुक्लाला निघालेले विमान 19 जणांसह पडले ते काठमांडूतच. तो लुक्लाचा अपघात म्हणून मोजणे योग्य नाही.

यावर आक्षेप असा की यंत्रसामग्री व लांब पट्टी आली की प्रश्न सुटेल. पट्टी वाढवायला दोन्हीकडे जागा नाही. यंत्रांच्या आधारे ढगातून उतरायचे, तर पट्टी दिसली नाही तेव्हा सुरक्षितपणे परत वर जाण्याची वाट लागते. लुक्लात नेमकी तीच नाही. म्हणून शेवटचा निर्णय डोळ्यांवरच राहतो. वैमानिकांसाठीच्या अटी (आखूड पट्टीवरील 100 उड्डाणे, नेपाळातील एक वर्षाचा अनुभव, प्रशिक्षकासह लुक्लाला 10 फेऱ्या) कडक आहेत व तशाच राहाव्यात. परंतु त्या अटी ढग हटवू शकत नाहीत. दुपारकडे वारे वाढतात, म्हणून बहुतेक वाहतूक सकाळीच होते. त्या थोड्या तासांत हंगामाची सारी गर्दी बसवण्याचा दबाव, हा येथला सर्वांत कमी बोलला जाणारा धोका आहे. नोव्हेंबर 2011 मध्ये धुक्याने कित्येक दिवस उड्डाणे बंद पडली आणि हजारांवर पर्यटक अडकले. ती व्यवस्थेची नामुष्की मानली गेली. प्रत्यक्षात नियम पाळले गेल्याचा तो पुरावा होता.

 

2019 पासून काठमांडूच्या गर्दीमुळे वसंत व शरद हंगामांत लुक्लाची बरीच उड्डाणे रामेछाप जिल्ह्यातील मंथलीहून होतात. काठमांडूहून तेथवर चार-पाच तासांचा रस्ता आहे. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी लुक्लाहून परतण्याचा दिवस आणि काठमांडूहून घरी येण्याचे विमान यांत किमान दोन दिवस मोकळे ठेवावेत आणि ढग असताना उड्डाणासाठी कोणाकडेही आग्रह धरू नये.