पडलेले दान

दिवाळीच्या सुटीत आमच्या घरी पत्ते, सोंगट्या आणि भांडणे ही तिन्ही एकदमच बाहेर निघतात. गेल्या वर्षी त्यांत चौथ्या वस्तूची भर पडली. माळा झाडताना पुतण्याला एक जुनी पेटी सापडली. थोरल्या बंधूंनी कधी काळी अमेरिकेहून आणलेला तो युद्धाचा पट होता. नाव ‘मिडवे’. १९६४ साली तिकडच्या अ‍ॅव्हलॉन हिल या कंपनीने तो काढला. जून १९४२ मध्ये पॅसिफिक महासागरात जपान आणि अमेरिका यांची जी आरमारी लढाई झाली, ती दोघांनी घरबसल्या पुन्हा लढावी, अशी त्याची योजना. जहाजे पुठ्ठ्याची, समुद्र कागदाचा आणि नशीब फाशांचे!

पुतण्याने आधी दोन्हीकडची जहाजे मोजली आणि मग जाहीर केले, “मी जपान. काका, तुम्ही अमेरिका.” अशा रीतीने दोस्त राष्ट्रांचे सेनापतिपद माझ्या गळ्यात पडले. आमचा एकमेकांवर विश्वास नसल्यामुळे पंच म्हणून आईची नेमणूक झाली. ती शेजारीच करंज्यांना मुरड घालीत बसली होती.

या खेळात समोरच्याचा पट आपल्याला दिसत नाही. समुद्राच्या एकेका भागाचे नाव घेऊन विचारायचे, “इथे कोणी आहे का?” जो आधी सापडला तो निम्मा मेला. पुतण्याला ठाऊक नव्हते की काकांनी या लढाईवरची पुस्तके वाचलेली आहेत. जपानी आरमार वायव्येकडून येणार, हे मला आधीच माहीत होते. मनाला थोडे लागले. पण खऱ्या लढाईतही अमेरिकेचा सेनापती निमिट्झ असाच आधी माहिती मिळवून बसला होता, अशी मी स्वतःची समजूत घातली.

ती हकीकत मोठी मौजेची आहे. हवाई बेटावर जोसेफ रोशफोर्ट नावाचा अधिकारी आणि त्याचे सहकारी जपानी आरमाराची सांकेतिक लिपी उलगडीत बसले होते. ‘एएफ’ नावाच्या ठिकाणावर मोठा हल्ला होणार, एवढे त्यांना समजले. पण एएफ म्हणजे कोणते ठिकाण? तेव्हा मिडवे बेटाला समुद्राखालच्या तारेने गुपचूप सांगण्यात आले की, आमचे पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बिघडले आहे, असा संदेश बिनतारी यंत्रावरून उघड्या भाषेत पाठवा. थोड्याच वेळात जपानी संदेश पकडला गेला: एएफवर पाण्याची टंचाई आहे. झाले! पाण्याच्या एका थापेने लढाईचे ठिकाण पक्के केले.

आणि येणारे आरमार काही लेचेपेचे नव्हते. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बर याच विमानवाहू जहाजांनी उद्ध्वस्त केले होते. त्यांपैकी ‘अकागी’, ‘सोर्यू’ आणि ‘हिर्यू’ तर एप्रिल १९४२ मध्ये आपल्या दारापर्यंत येऊन गेली. ५ तारखेला कोलंबोवर आणि ९ तारखेला त्रिंकोमालीवर त्यांच्या विमानांनी बॉम्ब टाकले. ‘हर्मीस’ हे ब्रिटिशांचे विमानवाहू जहाज बुडवले. मधल्या ६ तारखेला दुसऱ्या एका जपानी तुकडीच्या विमानांनी विशाखापट्टण आणि काकिनाडा गाठले. त्या आठवड्यात मद्रासहून हजारो कुटुंबे बिऱ्हाड पाठीशी मारून आतल्या गावांकडे निघाली होती.

माझ्याकडे विमानवाहू जहाजे तीनच: ‘एन्टरप्राइझ’, ‘हॉर्नेट’ आणि ‘यॉर्कटाउन’. यातले तिसरे तर पटावर असणे हेच नवल. मे महिन्यात कोरल समुद्रातल्या लढाईत त्याच्यावर बॉम्ब पडला होता आणि दुरुस्तीला तीन महिने लागतील असा अंदाज होता. २७ मे रोजी ते पर्ल हार्बरला आले. शेकडो कामगार रात्रंदिवस राबले आणि ३० मे रोजी ते पुन्हा समुद्रात निघाले. जपानी आरमाराच्या हिशेबात ते धरलेलेच नव्हते.

पुतण्याची जहाजे मला तिसऱ्या प्रश्नालाच सापडली. आता विमाने सोडायची. माझ्याजवळ दोन तऱ्हेची विमाने होती: पाण्याजवळून सावकाश जाऊन टॉर्पेडो सोडणारी आणि वरून सूर मारून बॉम्ब टाकणारी. मी टॉर्पेडोवाल्यांना पुढे ढकलले. शत्रू त्यांच्यात गुंतेल आणि वरच्यांना वाट मोकळी होईल, हा डाव. पुतण्याने ती सगळी पाडली आणि टाळी वाजवली. मी ते तुकडे शांतपणे पेटीत टाकले.

टाकताना मात्र हात किंचित अडखळला. ४ जून १९४२ च्या सकाळी ‘हॉर्नेट’वरून अशीच १५ टॉर्पेडो-विमाने निघाली होती. संरक्षणाला एकही लढाऊ विमान बरोबर उरले नव्हते. पंधराच्या पंधरा पडली. ३० माणसांपैकी जिवंत राहिला एक. त्यांचा एकही टॉर्पेडो लागला नाही. पण असे हल्ल्यावर हल्ले चुकवण्यात जपानी जहाजांचा सकाळचा मोलाचा वेळ गेला. तेवढ्यात ‘एन्टरप्राइझ’च्या विमानांचा नायक वेड मॅक्लस्की, इंधन संपत आले असताही शोध न सोडता, एका एकट्या धावणाऱ्या जपानी विनाशिकेच्या रोखाने निघाला आणि नेमका आरमारावर येऊन पोचला. ‘यॉर्कटाउन’ची विमानेही त्याच सुमारास आली. साडेदहा वाजायच्या आत ‘अकागी’, ‘कागा’ आणि ‘सोर्यू’ पेटली होती. पुढे हाच मॅक्लस्की आमच्या या पुठ्ठ्याच्या खेळाचा सल्लागार झाला!

माझेही दान त्या दिवशी चांगले पडले. एकाच फेरीत ‘अकागी’ आणि ‘कागा’ दोन्ही बुडाली. पुतण्या पटाकडे बघत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. तोच पंचांचा निकाल आला, “दोन-दोन काय रे बुडवतोस एकदम? पोर आहे ते. एक बोट दे त्याची परत.”

मी ‘कागा’ उचलून पुन्हा पटावर ठेवली आणि एकदम थबकलो. हे असेच, आणि याच जहाजाच्या बाबतीत, पूर्वी घडलेले होते!

मे १९४२ च्या आरंभी ‘यामातो’ या प्रचंड युद्धनौकेवर जपानी अधिकारी मिडवेच्या स्वारीची रंगीत तालीम पटावर करीत होते. अमेरिकन विमानांचा हल्ला झाला असे धरून ओकुमिया नावाच्या पंचाने फासे टाकले. नऊ बॉम्ब लागले. ‘अकागी’ आणि ‘कागा’ दोन्ही बुडाल्या. मुख्य पंच होते ॲडमिरल उगाकी. त्यांनी नवाचे तीन केले. ‘अकागी’ वाचली, ‘कागा’ तेवढी बुडाली. आणि पुढच्या मोहिमेच्या खेळात तीही पुन्हा तरंगू लागली. ओकुमियांनी युद्धानंतर हे सारे लिहून ठेवले.

उगाकींवर अन्याय मात्र होऊ नये. तो पटावरचा हल्ला मिडवे बेटावरच्या विमानांचा होता, आणि खऱ्या लढाईत त्या विमानांचा एकही बॉम्ब जपानी विमानवाहू जहाजांना लागला नाही. म्हणजे नऊ हा आकडा फुगलेला होता, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हे. पण फाशांनी एक प्रश्न विचारला होता: जहाजे अशी गाठली गेली तर काय कराल? आकडा खोडताना तो प्रश्नही खोडला गेला. अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या नौदल विद्यालयात वर्षानुवर्षे जपानशी होणाऱ्या युद्धाचे असेच खेळ चालत. निमिट्झही तिथलेच विद्यार्थी. युद्धानंतर ते म्हणत की, आत्मघातकी विमाने सोडली तर प्रत्यक्षात असे काही घडले नाही, जे आम्ही तिथे आधी खेळलो नव्हतो.

हे सगळे मी पुतण्याला सांगितले. त्याने विचारले, “मग खऱ्या लढाईत परत मिळाली का ती?” मी म्हटले, “नाही. संध्याकाळी बुडाली. चौथी ‘हिर्यू’सुद्धा गेली.” तो जरा वेळ गप्प बसला. मग त्याने स्वतःच्या हाताने ‘कागा’ उचलून पेटीत टाकली आणि म्हणाला, “आता माझी पाळी.” पुढच्या दोन फेऱ्यांत त्याने ‘हिर्यू’वरून विमाने सोडून माझी ‘यॉर्कटाउन’ निकामी केली. इतिहासातही ती आधी ‘हिर्यू’च्याच विमानांनी घायाळ केली होती, मग जपानी पाणबुडीने गाठून संपवली.

आईचे हात थांबले होते. तिने विचारले, “त्या ‘कागा’वर माणसं किती गेली रे?”

“आठशेंच्या वर.”

“आणि सगळी मिळून?”

“जपानची तीन हजारांवर. अमेरिकेची तीनशेंच्या वर.”

तिने पेटीतल्या तुकड्यांकडे एकदा पाहिले. मग परात उचलीत म्हणाली, “आवरा आता तो पट. पणत्या लावायची वेळ झाली.”