कॅन्सस सिटीचा चार इस्पिकांचा डाव

पत्त्यांच्या खेळांत मनुष्य पैसा हरतो, वेळ हरतो, प्रसंगीं अब्रूहि हरतो. परंतु एक करार पुरा न झाल्यानें प्राणास मुकलेला खेळाडू म्हणून ज्याचें नांव सर्वत्र झालें, तो म्हणजे अमेरिकेंतील कॅन्सस सिटीचा जॉन बेनेट. अत्तरें व प्रसाधनें विकणाऱ्या कंपनीचा हा फिरता विक्रेता. 1929 च्या सप्टेंबरची 29 तारीख, रविवार. रात्रीं बेनेट पतिपत्नी आणि एक पाहुणें दांपत्य असे चौघे ब्रिज खेळावयास बसले. डाव पतिपत्नींनीं भिडू होऊन मांडला होता. आणि ब्रिज खेळणाऱ्या घरांत याहून धोक्याची मांडणी नाहीं, हें अनुभवी लोक जाणतात.

त्या काळीं हा खेळ नवाच होता. जुन्या व्हिस्टमध्यें चौघांचींहि पानें झांकलेलीं असत. ब्रिजनें एकाचीं पानें मेजावर उघडीं मांडलीं, आणि दोन्ही बाजूंच्या सव्वीस पानांचा कारभार एकट्या खेळाडूकडे सोंपविला. त्याचा भिडू तेवढ्या डावापुरता डमी, म्हणजे मुका साक्षीदार. पुढें ऑक्शन ब्रिज आला. त्यांत बोली थोड्याची असली आणि हात अधिक आले, तरी ते सर्व बाजीसाठीं जमेस धरीत. 1925 सालीं हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यानें एका समुद्रप्रवासांत जी नवी पद्धत बसविली, तिनें ही सवलत काढून घेतली. जेवढे हात बोललां तेवढेच बाजीस लागू. आणि बोलून ते न झाले तर दंड. हाच कॉन्ट्रॅक्ट ब्रिज. ज्या डावांत पूर्वीं दोनांची बोली देऊन निभावून जात असे, त्यांत आतां चारांची बोली देऊन दहा हात करून दाखविणें भाग पडूं लागलें.

बेनेटनें एक इस्पिक अशी बोली केली. डाव्या हातास बसलेल्या पाहुण्यानें दोन चौकट म्हटलें. बेनेटच्या पत्नीनें, मर्टलनें, एकदम चार इस्पिकांची बोली दिली, आणि तेथेंच बोली थांबली. हा डाव पुढें छापून प्रसिद्ध झाला. त्यांतील पानें श्रोत्यांनीं क्षणभर डोळ्यांसमोर आणावीं. बेनेटच्या हातीं इस्पिकचे राजा, गुलाम, नव्वी, अठ्ठी व पंजी. बदामांचीं चार पानें, त्यांत राजा. चौकटचीं दोन हलकीं. आणि किलवरचे राजा व दश्शी. पहिली बोली देण्यास हीं पानें जरा तोकडींच. मर्टलनें मांडलेलीं पानें मात्र तिच्या उडीस शोभणारीं होतीं: इस्पिकचा एक्का, दश्शी, छक्की, तिर्री, बदामांचीं तीन हलकीं, चौकटची एकटी चव्वी, आणि एक्का व नव्वीसह किलवरचीं पांच.

पाहुण्यानें चौकटचा एक्का उतरला. डमीकडे चौकट संपली हें पाहून त्यानें दुसऱ्या हातास किलवरचा गुलाम टाकला. तो बेनेटनें राजानें घेतला. सारा डाव या ठिकाणीं येऊन थांबतो.

हिशेब मांडावा. इस्पिकची राणी सांपडली तर हातांतील हुकमांचे पांच हात. उरलेली चौकट डमीच्या लहान हुकमानें मारली तर सहावा. किलवरचे एक्का व राजा धरून आठ. दोन हात कमी. ते बदामांतून येतील काय? बदामचा एक्का बहुधा चौकटची बोली देणाऱ्या पाहुण्याकडे असणार, आणि तो बेनेटच्या मागून खेळणारा. म्हणजे राजा टाकावा तर त्यावर एक्का तयार. तेव्हां राहिली डमीकडील किलवर. ती एकदां हुकमानें मारली म्हणजे उरलेलीं लहान पानें मोठीं होण्याचा संभव होता. पण मोठीं झालेलीं पानें खेळावयास डमीच्या हातांत जातां आलें पाहिजे, आणि तेथें जाण्याची शेवटची वाट म्हणजे इस्पिकचा एक्का. डमीचे हुकूम आधींच ओढून संपविले, तर किलवरचीं तीं पानें विहिरींत पडलेल्या पोहऱ्यासारखीं; दिसतात, पण हातीं लागत नाहींत.

म्हणून तिसऱ्या हातास चौकटच खेळावयाची, ती डमीच्या तिर्रीनें मारावयाची, आणि हुकूम पुरते काढण्यापूर्वीं किलवर उभी करावयाची, हा सरळ मार्ग होता. प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें बेनेट त्याऐवजीं हुकूम ओढूं लागला. त्यास अगदींच दोष देतां येत नाहीं. आधीं शत्रूचे हुकूम काढ, हा धडा प्रत्येक नवशिक्याला पहिल्या दिवशीं दिला जातो. तो कोणत्या डावांत मोडावयाचा हें मात्र फार पुढें कळतें. शिवाय राणीचा तर्कहि फसवा होता. चौकटची बोली देणाऱ्याकडे चौकट लांब, म्हणून इस्पिक थोडे, असें कोणीहि मानील. प्रत्यक्षांत त्याच्याकडे राणीसह तीन इस्पिक होते, आणि त्याच्या भिडूकडे एकटी चव्वी.

करार फसला. मर्टलनें पतीच्या खेळाची निर्भर्त्सना केली. त्यानें उलट उत्तर दिलें, आणि पाहुण्यांसमक्ष तिच्या तोंडांत मारलें. आपण या घरांत राहणार नाहीं असें म्हणून तो सामान बांधूं लागला. मर्टलनें आईच्या खोलींतून पिस्तूल आणलें, आणि त्याच रात्रीं गोळ्या लागून बेनेट मरण पावला. 1931 सालीं खटला चालला. आरोपीची बाजू मांडावयास माजी सेनेटर जेम्स रीड उभे राहिले. पिस्तूल अपघातानें उडालें हें त्यांचें म्हणणें होतें. 6 मार्च 1931 रोजीं ज्यूरीनें मर्टलला निर्दोष सोडलें. एका थपडेची आणि एका फसलेल्या कराराची सांगड लोकांनीं मात्र कायमची घालून टाकली. पतीनें सर्वांसमक्ष हात उगारला ही गोष्ट मागें पडली आणि इस्पिकांची गोष्ट पुढें आली.

त्यास कारण ईली कल्बर्टसन. या हुशार गृहस्थाच्या ‘ब्रिज वर्ल्ड’ मासिकाचा पहिला अंक निघाला तो 1929 च्या ऑक्टोबरांत, म्हणजे त्या रात्रीनंतर लगेच. कॉन्ट्रॅक्ट ब्रिज घरोघर नेणें हा त्याचा उद्योग होता. 1931 च्या डिसेंबरांत त्यानें सिडने लेंझशीं जो दीडशें रबरांचा सामना मांडला, त्याचीं वर्णनें वर्तमानपत्रें रोज छापीत. असा मनुष्य बेनेटचा डाव हातचा जाऊं देईल हें शक्य नव्हतें. चौकट मारून किलवर उभी केली असती तर करारहि पुरा झाला असता आणि प्राणहि वांचले असते, असें त्यानें लिहिलें. चारी हात उघडे ठेवून, सावकाश बसून दिलेला हा निकाल आहे. बेनेटसमोर सव्वीसच पानें उघडीं होतीं, आणि समोर बसलेली पत्नी त्याच्या प्रत्येक पानाकडे पाहत होती.

शिवाय त्या रात्रीं पानें कोणीं टिपून ठेवलीं नव्हतीं. छापलेला डाव खरोखरीच खेळला गेला कीं मागाहून जुळविला गेला, याविषयीं पुढच्या लेखकांनीं उघड शंका घेतली आहे. ज्या तिसऱ्या हाताबद्दल बेनेटला इतकीं वर्षें दोष देण्यांत आला, त्या हातास त्याच्यापुढें कदाचित् निराळींच पानें असतील.