उत्क्रांतीतला ‘उत्’

अंत्यविधीच्या जुन्या पोथ्यांमध्ये ‘उत्क्रांतिधेनू’ नावाचं एक दान सांगितलं आहे. माणसाची अखेर जवळ आली, प्राण घुटमळू लागला, की तो सुखाने बाहेर पडावा म्हणून द्यायची ती गाय. ब्रह्मसूत्रांतही हा शब्द याच अर्थाने येतो: जीवाने देह सोडून निघून जाणं. म्हणजे संस्कृतात शतकानुशतकं ज्या शब्दाचा संबंध मरणाशी होता, तोच शब्द आज दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या धड्याच्या माथ्यावर बसून सगळ्या सजीवसृष्टीची जन्मकथा सांगतो.

शब्दाने अर्थ बदलला याबद्दल तक्रार नाही. खटकतो तो त्यातला उपसर्ग. ‘क्रम्’ हा धातू साधा आहे, पाऊल टाकण्याचा. संक्रांत, परिक्रमा, अतिक्रमण, पराक्रम ही सगळी त्याचीच प्रजा. पिढ्यान्‌पिढ्या सावकाश होत जाणाऱ्या बदलांना पावलाचा शब्द शोभतोच. ‘उत्’ मात्र दुहेरी आहे. उत्खनन, उत्सर्जन, उद्भव यांत तो ‘बाहेर’ आहे. उन्नती, उत्कर्ष, उत्थान यांत ‘वर’. उत्क्रांतिधेनूतला ‘उत्’ बाहेरचा होता. शाळेतल्या उत्क्रांतीत आपल्याला ऐकू येतो तो वरचा. आणि तो एकदा ऐकू आला की डोळ्यांपुढे शिडी उभी राहते: तळाशी अमीबा, मग मासा, बेडूक, माकड, आणि शेवटच्या पायरीवर ताठ कण्याचा माणूस. रुडॉल्फ झॅलिंगरने १९६५ साली एका पुस्तकासाठी काढलेलं वाकलेल्या वानरापासून चालत्या माणसापर्यंतच्या रांगेचं चित्र जगभर पसरलं. मराठीत त्या चित्राचं काम हा उपसर्ग एकटाच करतो.

जीवसृष्टी अशी चढत गेलेली नाही. पट्टकृमीच्या पूर्वजांना अन्ननलिका होती, त्याला नाही. दुसऱ्याच्या आतड्यात आयतं पचलेलं अन्न मिळत असताना तिची गरज उरली नाही. मेक्सिकोतल्या अंधाऱ्या गुहांमध्ये राहणाऱ्या माशांचे डोळे गेले, बाहेर नदीत राहिलेल्या त्यांच्याच भाईबंदांचे शाबूत आहेत. हीसुद्धा उत्क्रांतीच. तिला उन्नती म्हणायचं की अवनती, हा प्रश्नच तिथे लागू होत नाही.

इंग्रजी शब्दाचंही फार बरं नव्हतं. ‘इव्होल्यूशन’चं मूळ लॅटिनमध्ये, गुंडाळलेली पोथी उलगडण्यात. आल्ब्रेख्त फॉन हालर या स्विस शरीरशास्त्रज्ञाने १७४४ साली तो गर्भाच्या वाढीसाठी वापरला, आणि त्यामागची कल्पना अशी की अख्खा जीव बीजात आधीच घडी घालून ठेवलेला असतो, तो फक्त उलगडतो. डार्विनच्या विचाराशी याचं जमणार कसं? त्याच्या मते पुढे काय होणार हे कुठेच लिहून ठेवलेलं नव्हतं. १८५९ साली ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ निघालं, त्यात ‘इव्होल्यूशन’ हे नाम कुठेच नाही. त्याचं क्रियापदी रूप येतं तेवढं, तेही ग्रंथाचा अगदी शेवटचा शब्द म्हणून. ते नाम पुस्तकात शिरलं सहाव्या आवृत्तीत, १८७२ साली. तोवर इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरने ते लोकांच्या तोंडी बसवलं होतं, आणि स्पेन्सरच्या मनात प्रगती पक्की होती. ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ हाही त्याचाच १८६४चा शब्दप्रयोग. त्याला आपल्याकडे सर्रास ‘बळी तो कान पिळी’ म्हणून सांगतात ते मला अजिबात पटत नाही. तिथे बळाचा नव्हे, परिस्थितीशी जुळण्याचा प्रश्न आहे. गुहेतला आंधळा मासा तिथे अगदी ‘फिट’ आहे.

आपल्या शेजारच्या भाषांनी वेगवेगळे शब्द धरले. गुजरातीने आपल्यासारखीच उत्क्रांती घेतली. हिंदीने विकास आणि क्रमविकास, म्हणजे पुन्हा उमलण्याची कल्पना. बंगालीत बिबर्तन. तमिळ, तेलुगू, मल्याळममध्ये परिणाम, आणि हा शब्द मला सर्वांत सरस वाटतो, कारण सांख्यांच्या परिभाषेत परिणाम म्हणजे एका रूपाचं दुसऱ्या रूपात बदलणं. वर नाही, खाली नाही. टिळकांनी ‘गीतारहस्या’त जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेल आणि डार्विन यांची दखल घेतली ती सांख्यांशेजारीच, पण तिथे त्यांना जवळच्या वाटलेल्या शब्दांत ‘गुणोत्कर्ष’ही होता. पुन्हा तोच ‘उत्’! मराठीत ‘परिणाम’ तोवर ‘इफेक्ट’च्या कामाला जुंपला गेला होता, त्यामुळे ती वाट आपल्याला बंदच झाली असावी.

डार्विनचा स्वतःचा आवडता शब्दप्रयोग होता बदलांसह होणारा ‘डिसेंट’. डिसेंट म्हणजे उतरणं, वडिलांकडून मुलाकडे. त्याची दिशा आपल्या ‘उत्’च्या नेमकी उलट. याला मराठीत सुंदर शब्द आहे: वंश. वंश म्हणजे मुळात बांबू, पेरावर पेर चढवत जाणारा. म्हणून तो कुळालाही लागला आणि पाठीच्या कण्यालाही. पृष्ठवंश म्हणतो तो हाच. डार्विनला मात्र सरळसोट बांबू नव्हे, फांद्या फुटलेलं झाड दिसत होतं. १८३७ सालच्या त्याच्या टिपणवहीत तसं झाड रेखाटलेलं आहे, आणि सबंध ‘ओरिजिन’मध्ये आकृती एकच, तीही फांद्यांची. घरोघरच्या कुलवृत्तांतात वंशवृक्ष असतो तसाच हा. त्यात चुलतभावाला कोणी आपला आजोबा म्हणत नाही. ‘माणूस माकडापासून झाला, तर मग अजून माकडं कशी?’ हा प्रश्न विचारणारा नेमकं तेच करत असतो.

त्या पृष्ठवंशाच्या तळाशी एक हाड आहे, आणि त्याचं मराठी नाव मला या सगळ्या चर्चेतलं सर्वांत मोलाचं वाटतं. पाय घसरून माणूस बसल्या बसल्या आपटला की आपण म्हणतो, माकडहाड दुखावलं. ग्रीक वैद्यांना त्या हाडात कुकू पक्ष्याची चोच दिसली, म्हणून ते ‘कॉक्सिक्स’. संस्कृत परिभाषेने त्याला अनुत्रिक म्हटलं, म्हणजे त्रिकाच्या (त्याच्या वरच्या हाडाच्या) मागून येणारं. मराठी बोलणाऱ्यांनी मात्र हात लावून पाहिलं आणि सांगून टाकलं, हे माकडाचं हाड. हा शब्द कुठल्या परिभाषा समितीने घडवलेला नाही. तीन ते पाच, बहुधा चार लहान मणके एकमेकांना चिकटून झालेलं हे हाड, आणि मणके आहेत ते शेपटीचेच. गर्भ चार-पाच आठवड्यांचा असताना आपल्याला खरोखर शेपटी असते. आठव्या आठवड्याच्या सुमारास ती जिरते.

अशा अवयवांबद्दल डार्विनने ‘ओरिजिन’मध्ये जी उपमा दिली आहे ती शब्दांत रमणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावी. तो म्हणतो, शब्दाच्या लेखनात टिकून राहिलेली पण उच्चारातून गेलेली अक्षरं जशी त्याच्या व्युत्पत्तीचा माग देतात, तसे हे अवयव. मराठीच्या माणसाला हे समजावून द्यावं लागत नाही. नांव, गांव, दांत, पांच असं आपले आजोबा-पणजोबा लिहीत. तो अनुस्वार कोणी उच्चारत नव्हतं, पण तो उगाच नव्हता: नामातला ‘म’, ग्रामातला ‘म’, दंतातला ‘न’, पंचातला ‘ञ’ तिथे टिंब होऊन बसला होता. साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी हे व्युत्पत्तिसिद्ध अनुस्वार काढले. लिहिणं सोपं झालं हे खरं, पण शब्दाचं कुळ दाखवणारी खूण गेली, आणि मला तिची हळहळ आहे.

देहातली खूण अशी पुसता येत नाही. माकडहाडाची तर अक्षरशः सापडली. २०२४ साली ‘नेचर’मध्ये बो शिया आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शेपटीच्या वाढीशी संबंध असलेल्या ‘टीबीएक्सटी’ या जनुकात सुमारे ३०० अक्षरांचा एक तुकडा मध्येच घुसलेला आहे. तो माणसात आहे, चिंपँझी, गोरिला, ओरांगउटान आणि गिबन यांच्यात आहे, अगदी त्याच जागी. शेपटीवाल्या माकडांत नाही. त्याच्यामुळे या जनुकाचा एक भाग वाचताना गाळला जातो; उंदरांच्या जनुकात तसाच बदल घडवून पाहिला तेव्हा काही उंदीर आखूड शेपटीचे, काही बिनशेपटीचे निपजले. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी एकाच पूर्वजात झालेली ही घुसखोरी सगळ्या वंशजांनी जशीच्या तशी उतरवून घेतली. दोन मुलांच्या वहीत एकच चूक एकाच ओळीत सापडली तर शिक्षक जो निष्कर्ष काढतात, त्याहून वेगळा निष्कर्ष इथे निघत नाही.

नावं नेहमीच माकडहाडासारखी बरोबर निघतात असं नाही. देवमासा मासा नाही, हे शाळेत कळतं. पाणघोडाही घोडा नाही. पण आज जिवंत असलेल्यांपैकी देवमाशाचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडाच, हे आधी जनुकांनी सांगितलं आणि मग हाडांनी. डार्विनकडे देवमाशाचा जमिनीवरचा एकही पूर्वज नव्हता. पाण्यात तोंड उघडून पोहत किडे टिपणाऱ्या अस्वलाचं उदाहरण त्याने पहिल्या आवृत्तीत दिलं, त्यावर टीका झाली, पुढे त्याने ते छाटलं.

पूर्वज सापडले ते आपल्या उपखंडात, आणि त्यांच्या नावांतच इथला भूगोल आहे. पाकिस्तानात मिळाला तो पाकिसीटस, १९८१ साली जाहीर झालेला. कच्छमध्ये मिळाला तो कच्छिसीटस, सुनील बाजपेयी आणि हान्स थेविसन यांनी २००० साली मांडलेला. ‘सीटस’ म्हणजे देवमासा. पाकिसीटसला चार पाय होते, आणि घोट्याचं हाड दोन्ही टोकांना कप्पीसारखं खोबणीदार. तसं हाड गाय, हरीण, डुक्कर, पाणघोडा या समखुरी प्राण्यांचं असतं. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटला भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांना मिळालेला इंडोहायस त्याच्याही पलीकडचा. नावाचा अर्थ भारतातलं डुक्कर, पण दिसायला सह्याद्रीतल्या पिसोरी या चिमुकल्या हरणासारखा, मांजराएवढा, सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. २००७ साली त्याच्या कानाचं हाड तपासलं तेव्हा त्याची आतली कड जाड निघाली. अशी कड देवमाशांच्या कुळाची ओळख मानली जाते.

आजच्या देवमाशाच्या पोटाच्या मागच्या बाजूला स्नायूंत रुतलेली दोन छोटी हाडं असतात, कण्याला कुठेच न जोडलेली. ती कमरेची. आपली पाठ्यपुस्तकं अशा अवयवांना अवशेषांगं म्हणतात आणि लगेच ‘निरुपयोगी’ हे विशेषण जोडतात. तिथे माझा विरोध आहे. अवशेष म्हणजे उरलेलं. वाया गेलेलं नव्हे. माकडहाडाला बैठकीचे स्नायू जोडलेले असतात, आणि देवमाशाच्या त्या हाडांना नराच्या जननेंद्रियाचे. २०१४ साली देवमासे आणि डॉल्फिन यांच्या अनेक जातींची हाडं मोजली गेली, तेव्हा ज्या जातींत माद्यांसाठी नरांची चुरस जास्त, त्या जातींत ती हाडं शरीराच्या मानाने मोठी निघाली. पाय जाऊन कोट्यवधी वर्षं लोटली. कमरेची हाडं दुसऱ्या कामाला लागली आहेत, आणि त्यांचा आकार अजून बदलतो आहे.