विद्युत् तंतुकर्तन व अस्थी-ऊतक अभियांत्रिकी

विद्युत् तंतुकर्तन : बहुवारिकाच्या विद्रावास उच्च विद्युत् दाब देऊन त्यापासून अतिसूक्ष्म तंतू काढण्याची प्रक्रिया. घासलेले अंबर जवळ आणल्यास पाण्याचा थेंब शंकूच्या आकारात खेचला जातो, असे विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० मध्ये नमूद केले. या प्रक्रियेची एकस्वे (पेटंटे) जे. एफ. कूली व डब्ल्यू. जे. मॉर्टन यांना अमेरिकेत १९०२ मध्ये मिळाली. आंटोन फोर्महाल्स यांचे १९३४ चे एकस्व कृत्रिम धाग्यांसंबंधी होते. शंकूचे गणितीय विवेचन जेफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये केले.

वस्त्रोद्योगासाठी विकसित झालेली ही प्रक्रिया पुढे वैद्यकाकडे वळली. अस्थिकोशिका निसर्गतः कोलॅजेन तंतूंच्या जाळीत वसतात. तंतुकर्तित जाळीची घडण तिच्याशी मिळतीजुळती असते. २००३ मध्ये योशिमोटो, व्हॅकँटी व सहकाऱ्यांनी पॉलिकॅप्रोलॅक्टोन या शरीरात हळूहळू विघटन पावणाऱ्या बहुवारिकाच्या जाळीवर उंदराच्या अस्थिमज्जेतील कोशिका चार आठवडे वाढविल्या. तीत कोलॅजेन व खनिज द्रव्य साठल्याचे आढळले.

तथापि तंतूंची सूक्ष्मता हा या जाळीचा गुण, तसाच दोषही आहे. तंतू जितके बारीक व दाट, तितकी छिद्रे लहान. परिणामी कोशिका पृष्ठभागावरच राहतात, रक्तवाहिन्या आत शिरत नाहीत आणि रक्तपुरवठ्यावाचून जाड अस्थिभाग जगत नाही. शिवाय अशी मऊ जाळी शरीराचा भार पेलू शकत नाही. यांवर उपाय म्हणून काही तंतू नंतर विरघळवून छिद्रे मोठी करतात, तर हायड्रॉक्सिॲपेटाइट हे अस्थिखनिज मिसळून जाळी अस्थिनिर्मितीस अधिक अनुकूल करतात.